काठी कुठल्या हातात? किनेसिऑलॉजी शिकतात म्हणजे नेमकं काय शिकतात

गेल्या मे महिन्यात माझी पुतणी कॅनडातून सुटीवर आली. गोव्यातल्या डिचोलीच्या घरी पोचली, आजीच्या पाया पडली आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधीच आजीच्या उजव्या हातातली काठी काढून तिने डाव्या हातात दिली. माझ्या आईचा उजवा खुबा चार वर्षं दुखतोय. ती चिडलीच. “दुखता तो पांय हो, आनी काठी त्या हातांत?” तिचं म्हणणं ऐकायला बिनतोड होतं. दुखऱ्या बाजूला आधार हवा, हे कुणालाही पटेल. मलाही पटलेलं होतं. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवलेला माणूस मी, आणि ती काठी म्हापशाच्या बाजारातून आणून तिच्या उजव्या हातात मीच दिली होती.

पुतणी तिकडच्या विद्यापीठात किनेसिऑलॉजी शिकते. तिसरं वर्ष. आमच्या नातेवाइकांत या शब्दाचे आजवर तीन अर्थ लागले आहेत. एक, जिमचा कोर्स. दोन, फिजिओथेरपी, फक्त नाव वेगळं. तिसरा अर्थ एका मामांनी लग्नाच्या पंगतीत लावला: सिनेमाचं काहीतरी असणार. गंमत म्हणजे तिघांत मामाच मुळाच्या सगळ्यात जवळ गेले होते. ग्रीक भाषेत हालचालीला जे धातू आणि शब्द आहेत, त्यांतूनच सिनेमा आला आणि किनेसिऑलॉजीही. एकात चित्रं हलतात, दुसऱ्यात माणूस कसा हलतो ते शिकतात. मराठीत ‘हालचालीचं शास्त्र’ म्हणा. विद्यापीठात मात्र सगळे किनेसिऑलॉजीच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो.

आधी काठीचा हिशेब करू, कारण हा विषय काय आहे ते त्या एका काठीत दिसतं.

चालताना प्रत्येक पावलाला आपण काही क्षण एकाच पायावर उभे असतो. आई उजव्या पायावर आहे, डावा पाय उचललेला आहे. या क्षणी तिच्या उजव्या खुब्यावर सगळं शरीर तोललेलं आहे, तराजूच्या दांडीसारखं. आईचं वजन ६० किलो धरा. टेकलेल्या पायाचं वजन खुब्याच्या खाली राहतं, ते सोडलं तर वर साधारण ५० किलो उरतात. हे ५० किलो खुब्याच्या बरोबर वर नाहीत. ते आतल्या बाजूला, शरीराच्या मध्याकडे, अंदाजे १० सेंटिमीटरवर आहेत. म्हणजे कंबर डावीकडे कलंडायला बघते. तिला कोण धरून ठेवतं? खुब्याच्या बाहेरच्या अंगाला, नितंबाच्या वरच्या कडेला एक पंख्यासारखा स्नायू आहे, ग्लुटिअस मिडिअस. तो बाहेरून खाली खेचतो. पण त्याच्या वाट्याला आलेली दांडी आखूड आहे, जेमतेम ५ सेंटिमीटर. बाजारात तराजू बघितलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. एका बाजूला ५० किलो गुणिले १० सेंटिमीटर, म्हणजे ५००. दुसऱ्या बाजूला ५ सेंटिमीटरच्या दांडीवर ५०० जुळवायचे तर स्नायूला १०० किलोंच्या जोराने ओढावं लागणार. आता खुब्याच्या सांध्यावर किती आलं? वरचे ५० आणि स्नायूच्या ओढीचे १००. दीडशे किलो. साठ किलोंच्या म्हातारीच्या झिजलेल्या सांध्यावर, दर पावलाला.

काठी डाव्या हातात द्या. ती काठीवर फक्त ५ किलोंचा भार टाकते असं धरा, एखाद्या तांदळाच्या पिशवीएवढा. काठी खुब्यापासून आडवी ४० सेंटिमीटर लांब टेकली आहे. तेवढ्या लांबून वर मिळालेला ५ किलोंचा आधार २०० फेडतो. पाचशेतले दोनशे गेले, उरले तीनशे, आणि ते जुळवायला स्नायूला १०० ऐवजी ६० किलोच ओढावे लागतात. सांध्यावर आता ५० वजा ५, अधिक ६०, म्हणजे १०५. पाच किलो टेकले आणि पंचेचाळीस किलो वाचले. हे आकडे मी सोयीसाठी गोल केलेत, खऱ्या मोजणीत बारकावे असतात, पण हिशेबाची जात हीच.

आणि उजव्या हातात काठी असेल तर? उजवीकडून मिळालेला धक्का शरीराला डावीकडेच ढकलतो, जिकडे ते आधीच कलंडायला बघतंय. मग माणूस काय करतो? सगळं अंग उजवीकडे झुकवून, लंगडत, काठीवर ओणवा होऊन चालतो. आईचं चालणं गेली चार वर्षं असंच होतं आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं.

हे गणित सातवीच्या पलीकडचं नाही. पण ते चालत्या माणसात बघता येणं, ‘दुखतंय कुठे’ याच्या जोडीला ‘जोर कुठून येतोय आणि कुठे जातोय’ असं विचारता येणं, याला चार वर्षं लागतात. मी बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) केलं तेव्हा ते एक वर्षाचं होतं आणि किनेसिऑलॉजी हा त्यातला एक पेपर होता. आम्ही काय केलं? स्नायूंची नावं, त्यांचं ओरिजिन, त्यांचं इन्सर्शन, म्हणजे ते हाडावर कुठून सुटतात आणि कुठे चिकटतात, घोकून पाठ. ग्लुटिअस मिडिअसही पाठ होता. परीक्षेत त्याला मार्कही मिळाले. पुढे तीस वर्षांत तो मला आईच्या खुब्यात एकदाही दिसला नाही. माझ्या शिकण्यात आणि पुतणीच्या शिकण्यात फरक आहे तो एवढाच, पण तो लहान नाही.

तिचा अभ्यासक्रम मी बसून विचारला. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया, भौतिकशास्त्र, रसायन, थोडं मानसशास्त्र. हाडं २०६, स्नायू सहाशेच्या वर, तेव्हा पाठांतर सुटत नाहीच. काही विद्यापीठांत मृतदेहावर शरीररचना शिकवतात. तिच्याकडे तशी प्रयोगशाळा आहे, आणि पहिल्या दिवसानंतर दोन दिवस जेवण गेलं नाही म्हणे. दुसऱ्या वर्षापासून विषयाला फांद्या फुटतात. बायोमेकॅनिक्स म्हणजे वरच्या काठीसारखे जोराचे हिशेब. व्यायामाचं शरीरक्रियाशास्त्र म्हणजे श्वास, रक्त, इंधन, घाम. मोटर कंट्रोल म्हणजे मेंदू हातापायांना कसं हाकतो. शिवाय अर्गोनॉमिक्स, म्हणजे कामाची जागा माणसाच्या अंगाला बेतून घेणं. वाढत्या वयाचं शरीर, दुखापती, लोक व्यायाम सुरू करून सोडून का देतात याचं मानसशास्त्र. आणि संख्याशास्त्र. यातच बरीच मुलं रडतात. ‘खेळाचा कोर्स’ म्हणून आलेल्या मुलाला पहिला धक्का मैदानात बसत नाही, आकडेमोडीत बसतो.

प्रयोगशाळेचं तिने केलेलं वर्णन मला फार आवडलं. जमिनीत एक चौकोनी पत्रा बसवलेला असतो, फोर्स प्लेट. दिसायला वजनकाटा. पण तो एका सेकंदात हजारेक वेळा मोजतो आणि फक्त खालीच नव्हे, पुढे-मागे आणि आजूबाजूलाही जोर किती ते सांगतो. त्यावरून धावत गेलं की कळतं, धावताना पाय टेकतो तेव्हा जमीन आपल्याला वजनाच्या दुपटी-तिपटीने वर ढकलते. अंगावर चमकणाऱ्या गोळ्या चिकटवतात, भोवतीचे कॅमेरे त्या गोळ्या टिपतात आणि पडद्यावर माणसाऐवजी काड्यांचा सांगाडा चालू लागतो. स्नायू काम करतो तेव्हा त्यात बारीक वीज खेळते. ती मोजायला कातडीवर चकत्या लावतात. त्यासाठी त्या जागेचे केस आधी काढावे लागतात. म्हणून परीक्षेच्या दिवसांत मुलांच्या पोटऱ्यांवर चौकोनी टक्कल असतं, आणि ते दिसलं की हा किनेसिऑलॉजीचा, हे सगळ्या वसतिगृहाला कळतं.

घरी हे काही नव्हतं. तिच्याकडे फोन होता. स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं काढणारा फोन आता बऱ्याच जणांकडे असतो. फोन स्टुलावर ठेवून तिने आजीचं चालणं बाजूने आणि मागून टिपलं, लॅपटॉपवर किनोव्हिया नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं, आणि कंबर किती अंशांनी कलते ते रेघ मारून दाखवलं. १८७८ मध्ये मायब्रिजने पळत्या घोड्याची ओळीने छायाचित्रं काढली, त्यातून घोड्याचे चारही पाय एका क्षणी हवेत असतात हे सिद्ध झालं. त्याने त्यासाठी धावपट्टीच्या कडेला कॅमेऱ्यांची रांग लावली होती. आमच्या सोप्यावर ते काम स्टुलाने केलं. त्याच्याही दोनशे वर्षं आधी बोरेल्ली नावाच्या इटालियन गणितज्ञाने हाडांना तरफा समजून स्नायूंचे जोर मांडले होते. त्याचा ग्रंथ तो गेल्यावर, १६८० च्या सुमारास छापला गेला. म्हणजे हे शास्त्र जुनं आहे. विद्यापीठातला विभाग म्हणून मात्र नवं. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठाने १९६७ मध्ये किनेसिऑलॉजी या नावाचा विभाग काढला. तोवर हे सगळं शारीरिक शिक्षणाच्या पोटात, म्हणजे आमच्यासारख्या शिट्टीवाल्यांच्या हाती होतं.

शिट्टीवाल्यांनी काय केलं त्याची एक कबुली देतो. आमच्या शाळेचा फुटबॉल सराव दुपारी साडेतीनला असायचा आणि मी मुलांना मध्ये पाणी पिऊ देत नसे. “पोटात दुखेल, शेवटी प्या.” माझ्या सरांनी मला हेच शिकवलं होतं. आता पुतणीने मांडलेला हिशेब बघा. स्नायू जे इंधन जाळतात त्यातला जेमतेम चौथा हिस्सा कामाला लागतो. बाकी सगळी उष्णता. धावणारा मुलगा म्हणजे पेटलेली चूलच. ही उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम, पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो सुकला पाहिजे. एक लिटर घाम वाफ होऊन गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. आणि जो घाम सुकत नाही, हनुवटीवरून टपकतो? तो काहीही नेत नाही. गोव्याच्या मे महिन्यात हवा आधीच पाण्याने भिजलेली असते. बनियन पिळून काढावं इतका घाम येतो आणि त्यातला मोठा भाग फुकट जातो. शरीर आणखी घाम काढतं, रक्तातलं पाणी कमी होतं, हृदय जोरात धावतं. अशा वेळी मी पाणी तोडत होतो. मुलं झाडाखाली बसून डोकं धरायची आणि मी म्हणायचो, स्टॅमिना नाही. कुणाला काही झालं नाही, हे त्या मुलांचं नशीब, माझं ज्ञान नव्हे.

याच हिशेबातून दुसरीही गोष्ट निघते. उष्ण, दमट हवेची सवय शरीराला होते, पण तिला दहा ते चौदा दिवस लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्ताचं पाणी वाढतं. तेव्हा थंड प्रदेशातून आलेल्या संघाला गोव्यात पहिल्या दिवशी धावायला लावणं म्हणजे अर्धा सामना हरूनच मैदानात उतरणं. ३७ वी राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा २०२३ मध्ये गोव्यात झाली, २६ ऑक्टोबर ते ९ नोव्हेंबर. ऑक्टोबरचं ऊन इथे कसं असतं ते सांगायला नको. तेव्हा बर्फ, ओले टॉवेल आणि वजनाचा काटा घेऊन फिरणारे सपोर्ट स्टाफवाले बघून मला ते चोचले वाटले होते. काटा कशाला, हे आता कळतं: सरावाआधी आणि नंतर वजन करायचं, जितकं घटलं तितकं बहुतेक पाणीच गेलं.

आता पारोड्याचा चंद्रनाथाचा डोंगर. तिथे पायऱ्यांनी चढून गेलेल्यांना ठाऊक असेल, चढताना धाप लागते, उतरताना गप्पा मारत येतो, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलतात. लोक म्हणतात चढल्यामुळे. खरं कारण उतरणं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना जोर लावतो, कारण त्याने सोडलं तर आपण गडगडू. ब्रेक लावत घाट उतरणाऱ्या ट्रकसारखं. या ब्रेक लावण्याला एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. त्यात दम कमी लागतो, कारण इंधन कमी जळतं, पण स्नायूच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि दुखणं एक-दोन दिवसांनी कळसाला पोचतं. ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ असं मीही मुलांना सांगत आलो. ते तासाभरात रक्तातून निवळतं; दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही.

पण या ब्रेक लावण्याचा दुसरा चेहरा असा की तेच औषधही आहे. फुटबॉलमध्ये मांडीचा मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, भरधाव पळताना जातो. पाय पुढे फेकला जात असतो आणि हा मागून त्याला आवरत असतो, म्हणजे ताणला जात असताना जोर लावत असतो. तेव्हा त्याला तयार करायचं तर ताणत जोर लावायचीच सवय द्यायला हवी. नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. गुडघे टेकून बसा, मागे जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे पडायचं, जितकं आवरता येईल तितकं आवरत. भात कापून झालेल्या वायंगणात, म्हणजे उन्हाळी भाताच्या शेतात, आमच्या वाड्यावरची मुलं खेळतात, त्यांना पुतणीने हे करायला लावलं. वाड्यावरचा सगळ्यात दांडगा बॅक, म्हणजे बचाव फळीतला खेळाडू, तीस अंशसुद्धा खाली गेला नाही आणि धप्पकन तोंडावर ढेकळांत. मुलं हसून लोळली. तीन आठवड्यांनी तोच अर्ध्यापर्यंत आवरायला लागला होता. जगभरच्या संघांवर झालेल्या अभ्यासांतून दिसलंय की हा एक व्यायाम नियमित केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर येतात. ना मशीन, ना फी. मला हा व्यायाम माझ्या नोकरीच्या काळात कुणी सांगितला नाही, याची खंत आहे. आम्हाला शिबिरांत घोषणा आणि कवायत शिकवायचे.

वाळूत धावण्याबद्दलही तिला विचारलं, कारण इथले निम्मे प्रशिक्षक पोरांना किनाऱ्यावर नेतात. घट्ट जमिनीवर धावताना टाचेमागची शीर, अकिलीस टेंडन, रबरासारखी ताणली जाते आणि ताणातली शक्ती परत देते. वाळू पायाखालून सरकते, परतफेड होत नाही, तेव्हा सगळी मजुरी स्नायूंनाच करावी लागते. कोरड्या वाळूत धावायला सुमारे १.६ पट शक्ती लागते. दम वाढवायला उत्तम. पण मैदानावर लागणारी उसळी वाळूत घडत नाही, तेव्हा सामन्याच्या आदल्या दिवशी नको.

मोटर कंट्रोल हा भाग मला आधी हवेतला वाटला. मग तिने बर्नश्टाइन या रशियन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. मॉस्कोत १९२० च्या दशकात त्याने हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या हातांना लहान दिवे बांधून चित्रं काढली. हातोड्याचं टोक दर वेळी जवळजवळ त्याच जागी येत होतं, पण खांदा, कोपर, मनगट यांची वाट दर वेळी थोडी वेगळी. म्हणजे कसबी माणूस एकच हालचाल घोकत नाही, तो दर वेळी नव्याने तेच उत्तर काढतो. मला आमचा नारळ काढणारा पाडेली आठवला. नारळाच्या बुंध्याला पाय लावून, एका हाताने झावळीला धरून दुसऱ्या हाताने कोयता मारतो. वारा असतो, प्रत्येक माड वेगळा वाकलेला, घड कधी डावीकडे कधी मागे. घाव मात्र देठावरच. आणि मी? मी मुलांना एकाच जागेवरून, एकाच अंतरावरून पन्नास-पन्नास वेळा पास मारायला लावायचो. अंतर, कोन, चेंडूचा वेग बदलत ठेवला तर सराव करताना मुलं जास्त चुकतात, पण शिकलेलं जास्त टिकतं, असं या विषयातले प्रयोग सांगतात. शिक्षकाला चुका बघवत नाहीत, ही अडचण.

खेळ सोडूनही हा विषय बराच पसरलेला आहे. १९५३ मध्ये जेरेमी मॉरिस या डॉक्टरने लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. एकच खातं, एकच रस्ता, पण ड्रायव्हर दिवसभर बसलेला आणि कंडक्टर जिने चढ-उतार करणारा. कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उशिरा, सौम्य. मला पुढची गोष्ट जास्त आवडते. मॉरिसने स्वतःवरच शंका घेतली: जाडे लोक मुळात ड्रायव्हरच होत असतील तर? त्याने गणवेशाच्या विजारींची मापं मिळवली, आणि खरंच, ड्रायव्हरांच्या कंबरा नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठ्या होत्या. तरी निष्कर्ष पडला नाही. पुढे इतरांनी इतर लोकांवर पाहणी केली आणि बसून राहण्याचा तोटा पक्का झाला. पण अशी शंका घ्यायला शिकवणं हा त्या संख्याशास्त्राच्या पेपरचा उद्देश. इथे गोव्यात बसला सहसा वरचा मजला नसतो. पण भरल्या खासगी बसमध्ये ‘फुडें सर, फुडें सर’ करत मागून पुढे जाणारा कंडक्टर दिवसभरात किती चालतो, हे कुणीतरी मोजायला हवं.

आता ज्यांच्या घरी बारावीचं मूल आहे त्यांच्यासाठी. पहिली गोष्ट, परदेशातली किनेसिऑलॉजीची पदवी म्हणजे फिजिओथेरपिस्टचा परवाना नव्हे. तिकडे फिजिओ व्हायचं तर कॅनडात त्यापुढे मास्टर्स, अमेरिकेत तीनेक वर्षांची डॉक्टरेट करावी लागते. किनेसिऑलॉजी ही त्याची पायरी म्हणून अनेक जण घेतात. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात २०१३ पासून किनेसिऑलॉजिस्ट हाच स्वतंत्र नोंदणीचा आरोग्यव्यवसाय आहे, परीक्षा देऊन नाव लावता येतं. पण ती सोय सगळीकडे नाही. जिथे जायचं तिथला नियम आधी विचारा, एजंटला नव्हे, विद्यापीठाला. भारतात परतून ‘मी फिजिओ’ म्हणून पाटी लावता येणार नाही. इथे रुग्णांना हात लावायचा असेल तर सरळ बी.पी.टी., म्हणजे फिजिओथेरपीची पदवी करावी, साडेचार-पाच वर्षांची. त्यात किनेसिऑलॉजी आणि बायोमेकॅनिक्स हा पक्का विषय असतो. शिकवायचं असेल तर कुठल्याही पदवीनंतर बी.पी.एड., आता दोन वर्षांचं. ग्वाल्हेरची १९५७ मध्ये सुरू झालेली लक्ष्मीबाई संस्था या क्षेत्रातली जुनी. प्रशिक्षक व्हायचं तर पतियाळाची १९६१ ची राष्ट्रीय क्रीडा संस्था. आणि २०१८ च्या कायद्याने मणिपूरमध्ये राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ आलंय. आपल्याकडे ‘किनेसिऑलॉजी’ हे नाव पदवीवर क्वचित दिसतं, ‘स्पोर्ट्स सायन्स’, ‘एक्सरसाइज सायन्स’ अशा नावांखाली ते शोधावं. बारावीला जीवशास्त्राबरोबर भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नये. नुसता खेळात चांगला आहे म्हणून हा कोर्स घेतला तर मूल वैतागतं. नुसतं पुस्तकी असेल तरी वैतागतं.

दुसरी सावधगिरी नावाबद्दल. किनारपट्टीच्या भागात ‘अप्लाइड किनेसिऑलॉजी’ अशा पाट्या दिसतात. हात पुढे धरायला सांगतात, दुसऱ्या हातात एखादी बाटली देतात, हात दाबतात, आणि तो खाली गेला की सांगतात तुम्हाला गव्हाची ॲलर्जी आहे. अमेरिकेतल्या गुडहार्ट नावाच्या कायरोप्रॅक्टरने (मणके-सांधे दाबून उपचार करणाऱ्याने) १९६४ मध्ये हे काढलं. तपासणाऱ्यालाही आणि रुग्णालाही बाटलीत काय ते ठाऊक नसेल अशा चाचण्या घेतल्या, तेव्हा ही पद्धत नाणेफेकीहून सरस ठरली नाही. विद्यापीठातल्या विषयाशी तिचा नावापुरताच संबंध. पुतणीला या पाट्यांचा इतका राग आहे की कळंगुटच्या रस्त्यावर तिने मला गाडी थांबवायला लावून एकीचा फोटो काढला.

आईच्या चालण्याबद्दल शेजाऱ्यांचं मत मात्र वेगळं होतं: या वयात आईला चालवताच कशाला, पडून राहू दे. यावर पुतणीने अमेरिकेतल्या डॅलसची गोष्ट सांगितली. १९६६ मध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. काम करायची ताकद त्या तीन आठवड्यांत जितकी घसरली होती, तितकी तीस वर्षांच्या वयानेही घसरली नव्हती. आणि १९९० मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात नव्वदीच्या आसपासच्या म्हाताऱ्यांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं, तर पायातली ताकद दुपटीच्याही वर गेली.

आमच्याकडे वजन नव्हतं, खुर्ची होती. ती भिंतीला टेकवायची, हात छातीवर घडी, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. हाताचा आधार घेतला तर शून्य. आईच्या वयाच्या बाईने नऊ तरी करावेत असा अंदाज आहे. पहिल्या दिवशी चार झाले. मग रोज सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर, उंच पाटावरून सुरुवात करून, थोडं थोडं. सहा आठवड्यांनी पुतणी परत जायच्या आदल्या दिवशी सात झाले. मग तिने माझ्याकडे बघितलं. माझं वय ६२. या वयाच्या पुरुषाने चौदा तरी करावेत म्हणे. मी अकरा केले. तिने ते वहीत आजीच्या आकड्याखाली लिहिलं, तारीख टाकली आणि काही बोलली नाही.